अण्णांच्या मशिनची इर्जिक

आमच्या गावात कुणाला नोटीस आली, परिपत्रक आलं, बँकेचं पत्र आलं, की लोक ते घेऊन माझ्याकडे येतात, कारण मी शाळेचा मुख्याध्यापक आहे. तेव्हा पुढं जे घडलं ते माझ्या अडाणीपणामुळं घडलं असं कुणी म्हणू नये. ते माझ्या शिक्षणामुळं घडलं!

आमचे वडील अण्णा म्हणजे फौजेतले निवृत्त हवालदार. वय शहात्तर. मागच्या वर्षी त्यांना स्टेंट टाकली. घरी सोडताना सांगलीच्या हॉस्पिटलनं सांगितलं, एक तर रक्तदाबाचं मशिन घरी ठेवा; दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा थेट आमच्याकडे येतो. नाहीतर आजोबांना सांगलीतच ठेवा. सांगलीत म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. अण्णा तिथं एकदाच चार दिवस राहून आले होते. "वर आभाळ न्हाई, खाली माती न्हाई. मधीच टांगल्यागत वाटतंय!" रोज सकाळी उसाला चक्कर मारल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही, तो माणूस तिथं काय जगणार? आम्ही मशिन घेतलं. भाडं विमा कंपनी भरत होती. कंपनीनं भाडं थांबवलं की हॉस्पिटल मशिन उचलून नेणार, आणि मशिन गेलं की अण्णा तिसऱ्या मजल्यावर, हे सगळ्यांना पाठ होतं.

महिन्याची शेवटची तारीख. दुपारी मोबाईलवर हॉस्पिटलचा मेसेज आला. वरच्या पट्टीवर दिसलं, 'विमा परताव्याच्या नियमात बदल: महिन्याला किमान सोळा रीडिंगची अट...' एवढं वाचलं आणि मी आईकडं धावलो. (मेसेज उघडायची गरज मला वाटली नाही. तीस वर्षं परिपत्रकं वाचतोय, पहिल्या ओळीत अर्थ कळतो.)

"आई, अण्णांची रीडिंग किती झाली गं या महिन्यात?"

"पाच. पट्टा बघितला की पळत्यात त्ये."

"सोळा पाहिजेत! आज रात्री बाराच्या आत! अण्णा कुठायत?"

"कवठे महांकाळला. आत्यानं बोलावलंय, शेळीला तीन करडं झाल्यात."

फोन? तो अण्णांच्या ट्रंकेत, बंद करून ठेवलेला. बॅटरी झिजते म्हणून!

आई शांत होती. आयुष्यभर अडलेली कामं तिनं एकाच पद्धतीनं उरकली आहेत. एखाद्याची पेरणी अडली की सगळी आळी औतं घेऊन त्याच्या रानात उतरते, एका दिवसात काम फत्ते करते, आणि मालक सगळ्यांना जेवू घालतो. याला आमच्याकडे इर्जिक म्हणतात. आई म्हणाली, "अकराच उरल्यात न्हवं? मग इर्जिक घालू की!"

आणि मी, मुख्याध्यापक, म्हणालो, "वा!"

श्रीगणेशा मीच केला. पट्टा बांधला, बटण दाबलं, गेलं रीडिंग! मग बायको. मग शेजारचे बाळूनाना. त्यांच्या दंडाला पट्टा पुरेना. आळीतले टेलर रशीदचाचा पुढं झाले. "सरका, मापाचं काम हाय ह्ये," म्हणत त्यांनी नानांचा दंड असा काही आवळला की नानांच्या तोंडून आजोळची नावं निघाली. मग पैलवान आला, तालमीतून घाम निथळत. दळण घेऊन चाललेली पारूमावशी आली. आकडा किती येतोय हे कुणी बघितलंच नाही, आम्ही फक्त नग मोजत होतो! चाळीस मिनिटांत अकरा. आईनं आमटी-भात आणि शिरा टाकला, पंगत बसली.

पहिला घास तोंडात आणि फोन वाजला.

"हॉस्पिटलमधून बोलतेय. आजोबांचं प्रेशर एकशेनव्वद, शंभर, एकशेसत्तर, नव्वद असं वरखाली होतंय! काय करतायत ते?"

मी गडबडलो. "झोपलेत."

"झोपेत? अजिबात हलवू नका! इस्लामपूरहून ॲम्ब्युलन्स निघालीय."

फोन बंद. पंगतीत एकच गलका.

"सर, खरं सांगून टाका," रशीदचाचा म्हणाले.

"खरं सांगितलं तर आत्ताच मशिन नेतील!" मी ओरडलो. "कुणीतरी अण्णा व्हा!"

सगळ्यांनी बाळूनानांकडे बघितलं, कारण पंगतीत वयानं तेच मोठे. त्यांना हाताला धरून उठवलं, अण्णांच्या बाजेवर आडवं केलं आणि तोंडावरून गोधडी ओढली. गोधडी पोटावरच संपली. सायरन वाजवत गाडी दारात आली. तरुण डॉक्टरीणबाई धावतच आत शिरल्या, हातातल्या कागदाकडं बघितलं, बाजेकडं बघितलं.

"आजोबांचं वजन इथं बावन्न किलो लिहिलंय."

"घरचं दूध आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबली आणि अण्णा उतरले. दारात ॲम्ब्युलन्स, अंगणात गर्दी, पानं वाढलेली, आणि त्यांच्या बाजेवर तोंड झाकून कुणीतरी निपचित! अण्णांनी टोपी काढून हातात घेतली.

"कोण गेलं रं?"

गोधडीखालून नाना हसले. बाज कडाडली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आपण कोण?"

"मी? मी पेशंट."

मग मला सगळं सांगावंच लागलं. बाई ऐकत राहिल्या. त्यांनी अण्णांचं प्रेशर स्वतः मोजलं, अगदी झकास आलं. मी हात जोडून म्हणालो, "चूक माझी आहे, मॅडम. अण्णांना उसापासून तोडू नका."

"पण सर, तुम्ही हे केलंच कशाला?" त्यांनी माझाच मोबाईल घेऊन मेसेज उघडला आणि मोठ्यानं वाचला. "'...किमान सोळा रीडिंगची अट या महिन्यापासून रद्द. आता दोन दिवसांचं रीडिंग पुरे.' आजोबांची पाच आधीच झाली होती. ही अकरा मी काढून टाकायला सांगते."

आळीनं माझ्याकडं असं बघितलं की शाळा सोडून द्यावी वाटलं. आई मात्र खुदकन हसली. अण्णा राहणार होते, तिला बास होतं.

"फक्त एक सांगा," बाई म्हणाल्या, "या अकरातलं पहिलं कुणाचं? एकशेनव्वदचं?"

बोटं माझ्याकडं वळली. बाळूनानांनी तर गोधडीतनं हात बाहेर काढून दाखवलं! पुन्हा मोजलं. एकशेब्याण्णव.

"आलेली गाडी रिकामी कशाला न्यायची," बाई म्हणाल्या.

अशा रीतीनं, ज्या पोरानं बापाला तिसऱ्या मजल्यापासून वाचवलं, ते पोर गेले वीस दिवस त्याच तिसऱ्या मजल्यावर औषधं घेत पडलंय. अण्णा खुशीत आहेत, ऊस कंबरेला लागलाय म्हणे. मलाही तसंच मशिन दिलंय; माझं रीडिंग ओळीनं आठ दिवस नीट आलं की मला घरी सोडणार आहेत.

समोरच्या फ्लॅटमध्ये रोज पहाटे योगासनं करणारे एक सडपातळ गृहस्थ राहतात. आज त्यांना चहाला बोलावलंय.