टाचेवर दोनदा थापटलं

आधीच सांगते, भूतखेत, करणी, बाहेरची बाधा... असल्या गोष्टींना आमच्या घरात थारा नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं गुंडाळून ठेवलं. बाबा निवृत्त शिक्षक. कोणी असलं काही सांगू लागलं की दहा प्रश्न विचारून त्याला घाम फोडतात. मीही त्यांचीच लेक. त्यामुळे हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतंय.

मी मानोरा तालुक्यात नर्स आहे. मागच्या ऑक्टोबरात डोंगरावरच्या एका तांड्यात लसीकरण होतं. सोबत तिथल्याच आशा वर्कर, शेवंताताई. दुपारी दोनला काम संपलं आणि कळलं, आम्हाला सोडणारी जीप खाली बंद पडलीय. रस्त्यानं पायी अडीच तास. माझी नऊ महिन्यांची पोरगी आईकडे होती, अंगावर पिणारी; बाटली तोंडाला लावू देत नाही. सकाळपासून माझा अर्धा जीव तिच्यातच.

"जवळची वाट नाही का?" मी विचारलं.

"हाये ना, धारेवरून. आमी मोळ्या घेऊन तिकूनच उतरतो. पण तुमाले जमन का?"

जमेल म्हटलं, अगदी तोंड वर करून.

धार म्हणजे डोंगराचा नुसता कणा. दोन्हीकडे खोल उतार, मधे काळे दगड आणि पायाखाली सरकणारा मुरूम. अर्धी वाट मी बसून सरकत काढली, साडीची पार वाट लागली. शेवटी एक उभा टप्पा होता, दोन पुरुष उंचीचा. तिथं मी दगडाला धरून थांबले.

मोळीवाल्या बायांची तिथं एक रीत आहे. खालची बाई वरचीचा पाय धरून नीट दगडावर ठेवते आणि टाचेवर दोनदा थापटते. मग वरचीनं वजन टाकायचं.

"तोंड दगडाकडं करा, खाली पाहू नका," असं सांगून शेवंताताई लसीचा डबा घेऊन आधी उतरल्या. दगडाच्या फुगवट्याआड दिसेनाशा झाल्या. वारा जोरात होता. थोडं थांबून मी पाय खाली सोडला... आणि खालून एका हातानं माझा घोटा धरला. पाय ठेवला, दोनदा थापटलं. मग दुसरा पाय. एकदा मी घाईनं आपल्याच मनानं एका दगडावर पाय टेकवला, तर त्या हातानं तो उचलून डावीकडे ठेवला. पुढच्याच क्षणी माझ्या गुडघ्याचा धक्का लागून तो दगड निखळला आणि गडगडत पार खाली गेला.

जमिनीला पाय लागले. वळून बघते तर कोणीच नाही.

"मॅडम, कुठं गेल्या?" आवाज वरून आला. मी जिथून उतरले होते, तिथून शेवंताताई डोकावत होत्या. खाली पोचल्यावर त्यांना बाजूला यंदाच्या पावसानं नव्यानं पडलेली सोपी वाट दिसली होती, म्हणून मला न्यायला त्या वळसा घालून परत वर चढल्या होत्या.

त्या त्याच सोप्या वाटेनं खाली आल्या. "म्या थांबा म्हणून हाक देल्ली, आयकली नाही का? एकट्या कशा उतरल्या तुमी?"

"तुम्हीच तर पाय धरले माझे."

त्यांनी एकदा वर त्या टप्प्याकडे पाहिलं. मग डबा खांद्याला अडकवत म्हणाल्या, "कोणी असन. चाला, पोरगी वाट पाहून राह्यली असन."

घरी पोचले तेव्हा पोरगी रडून रडून लाल झाली होती. तिला छातीशी घेतलं आणि मलाच रडू फुटलं. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी टप्पा केवढा, वारा कुठून, मला घेरी आली होती का, सगळं विचारलं. शेवटी म्हणाले, "भास असन, बेटा. घाबरलं की होते असं." मग नातीला मांडीवर घेतलं. "पण दगड तं खरा पडला ना..."

वर्ष होत आलं. बाबा अजून उत्तर शोधतायत, मी सोडून दिलंय. असल्या गोष्टी मी आजही मानत नाही. फक्त त्या दिवशी माझा पाय कोणीतरी चुकीच्या दगडावरून उचलला, आणि त्याचे आभार मानायला मला माणूस सापडत नाही.