चिंचेची मूठ

भाचीने बॅसून वाजवणाऱ्या चौघांचा अल्बम पाठवलाय. बॅसून म्हणजे जवळजवळ माणसाएवढं उंच लाकडी वाद्य, आवाज सर्दी झालेल्या आजोबांसारखा. भारदस्त शास्त्रीय रचना असो की वरातीतलं गाणं, चौघं सगळ्याची सारखीच फजिती करतात. भाजी निवडता निवडता मी एकटीच खो-खो हसत होते. मग कव्हरवरचा फोटो पाहिला. फुगलेले गाल, ओठांत धरलेली वाद्याची बारीक पत्ती. हसू तिथेच थांबलं.

अशीच पत्ती ओठांत धरणारे एक म्हातारे सनईवाले मावशीच्या लग्नात आले होते. सनईवाल्यासमोर चिंच खाल्ली की त्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि सूर बिघडतो, हे आम्हा पोरांना पक्कं ठाऊक होतं. मी त्यांच्या पुढ्यात उभी राहून मिटक्या मारत चिंच चोखली. शेवटच्या अक्षता पडल्या आणि ऐन वेळी सनई फसफसली. मांडव हसला. माझे आजोबा मात्र त्यांच्यावर खेकसले, "वाजवता येत नाही तर आलात कशाला?"

सनईवाल्यांनी मान खाली घातली. माझ्याकडे बोट दाखवलं नाही.

हे चौघं आपण होऊन हसवतात, म्हणून त्यांचं हसं होत नाही. सनईवाल्यांचं मात्र मी केलं.

पंगती उठल्यावर धोतराच्या सोग्याने सनईची पत्ती पुसत त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरी, उरलीय का गं थोडी?"

उरलेल्या चिंचेने माझी मूठ चिकट झाली होती. ती पाठीमागे नेत मी म्हणाले, "संपली."