अडकलेल्याची खबर घेणारे मुनीरसर

नाही मंडळी, मला अजूनही पटलेलं नाही! मुनीरसर साठीचे झाले, जुनी खोली गेली, म्हणून लातूरचा त्यांचा कॉम्प्युटर क्लास बंद? गौरव समितीतल्या थोरांशी फोनवर भांडून झालं; आता त्यांनीच काढलेल्या सरांच्या गौरवग्रंथात भांडतो.

सरांची पहिली भेट माझ्या ऑटोत झाली. नववीत शाळा सुटलेली, औसा-लातूर फेऱ्या मारायचो. मागं बसलेले सर मांडीवरच्या लॅपटॉपकडं बघत ओरडले, "अरे, कुणाची वाट बघून राहिलास?"

मी म्हणालो, "सिग्नलची, काका!"

ते अडकलेल्या प्रोग्रामशी बोलत होते. सर इतके हसले, की उतरताना मला क्लासात नेऊन बसवलंच.

औशाच्या दालमिलमधला प्रसंग तर मी विसरणारच नाही. तिथला प्रोग्राम सरांनीच लिहिलेला. त्यात दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी राबणारे दोन गडी: एक काट्यावरचं वजन घेई, दुसरा पावती छापी. ऐन हंगामात पडदा गोठला. मी बंद करून पुन्हा चालू करायला धावलो.

"हात काढ! मेलेला साक्ष देत न्हाई."

सरांनी काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून त्या जिवंत प्रोग्रामलाच डीबगर, म्हणजे आत डोकावून चूक शोधायचा प्रोग्राम, जोडला आणि एकेका थ्रेडला विचारलं, कुठं थांबलास? मिलमालक अप्पा वैतागले, "सर, भायेर तुरीच्या गाड्या लागल्यात, आन् तुम्ही गप्पा मारून राहिलात?"

"अप्पा, भांडण सापडलं! एकानं काटा धरलाय, त्याला प्रिंटर पायजे. दुसऱ्यानं प्रिंटर धरलाय, त्याला काटा पायजे. सोडायला कुणी तयार न्हाई."

उपाय एवढाच: दोघांनीही आधी काटा धरायचा, मगच प्रिंटर. मी अक्षरशः उडी मारली!

पुढं चेन्नईत सर्टिफिकेटावाचून नोकरी अडली, तेव्हा सर तिथल्या साहेबांना फोनवर एवढंच म्हणाले, "अडकलेला प्रोग्राम त्याच्यापुढं ठेवा." ठेवला. आज तेच काम करून राहिलो.

आता क्लासची खबर घ्या. समितीनं क्लाससाठी बघितलेल्या नव्या खोलीचे मालक म्हणतात, आधी डिपॉझिट, मग करारनामा. समिती म्हणते, आधी करारनामा, मग डिपॉझिट. दोघेही सज्जन, दोघेही अडून! कुणीतरी हात सैल केल्याशिवाय हे सुटत नसतं.

सरांनी खूप जगावं, त्यांची नजर धड राहावी, आवाज असाच चढा राहावा, आणि नव्या खोलीत पोरांवर खेकसायला त्यांना रोज सकाळी लई घाई असावी. समितीनं रागवू नये. डिपॉझिट मी आजच थेट मालकांच्या खात्यावर टाकून राहिलो: चाळीस हजार रुपये.