सातव्या प्रकरणातली चूक

बार्शी सोडली त्या दिवशी अण्णा सोलापूर स्टेशनापर्यंत आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. उभा जन्म शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सुहासची, माझ्या नवऱ्याची, म्हैसूरला बदली झाली आणि मी बार्शीच्या कॉलेजातली कायम नोकरी सोडली. अण्णांना ते पटलं नव्हतं, पण तसं ते बोलले नाहीत. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "तिकडच्या पोरांना तुझं बोलणं कळायचं नाही. फळ्यावर जास्त लिही."

तुम्ही बार्शीची सगळी मंडळी फोनवर विचारता, "तिकडे शनिवारीसुद्धा कॉलेजात जाऊन करतेस तरी काय?" फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

कुवेंपुनगरात आम्ही भाड्याचं घर घेतलं. आजूबाजूला सगळे नोकरदार. सकाळी साडेआठला गल्लीतून स्कूटर एकामागोमाग एक बाहेर पडतात आणि मग दिवसभर शांतता. पहिलं वर्ष मी त्या शांततेत कन्नड शिकले. दुसऱ्या वर्षी विद्यापीठात गणित शिकवायचं काम मिळालं. अण्णा म्हणाले होते तसं मी फळ्यावर खूप लिहीत असे, आणि मुलं ते तसंच्या तसं वहीत उतरवून घेत. परीक्षेतही तसंच्या तसं परत येई, माझ्या स्वल्पविरामांसकट. कळलेलं कुणालाच नसायचं.

पुस्तकं इंग्रजीत, जाडजूड. वर्गातली अर्धी मुलं म्हैसूरजवळच्या सोसलेसारख्या खेड्यांतून आलेली, बारावीपर्यंत कन्नडमध्ये शिकलेली. तेव्हा मी एक प्रयोग केला. मुलांना म्हटलं, उत्तर लिहू नका, कुठल्या ओळीवर अडलात ते लिहा. त्या अडलेल्या ओळींवर शनिवारी दुपारी डिपार्टमेंटच्या रिकाम्या वर्गात बसून आम्ही टिपणं लिहायला लागलो, एक इंग्रजीत, एक कन्नडमध्ये. एका मुलीने ती इंटरनेटवर ठेवली आणि वर लिहिलं: कुणीही वाचा, छापा, बदला, आपल्या भाषेत न्या, विचारायची गरज नाही. दोन वर्षांत सहा प्रकरणं झाली. ज्या कॉलेजांची नावंसुद्धा मी ऐकली नव्हती तिथली मुलं ती वापरू लागली. खरं सांगते, मला त्याचा गर्व झाला होता.

या मुलांत चैत्रा जाधव होती. तिच्या वडिलांचं देवराज मोहल्ल्यात शिवणकामाचं दुकान आहे. तिचे पूर्वज कधी काळी म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात निम्मं कन्नड. पहिल्यांदा माझ्याशी बोलली तेव्हा म्हणाली, "मेडम, मला मराठी येतंय, पण तुमच्यासारखं फाइन नाही, अल्वा?" हे अल्वा म्हणजे आपलं 'नाही का'. ती वर्गात शेवटच्या बाकावर बसे आणि विचारल्याशिवाय बोलत नसे.

सातवं प्रकरण मी एकटीने लिहिलं. परीक्षा जवळ आली होती, आणि त्यातला सिद्धांत मुलांना नेहमीच जड जातो. तिथे प्रत्येक बिंदूसाठी एक छोटं अंतर निवडतात आणि शेवटी सगळ्यांना चालेल असं एकच अंतर आहे हे दाखवतात. मधली पायरी अवघड आहे. सोपं करायच्या नादात मी ती गाळली आणि लिहून टाकलं, 'या सगळ्या अंतरांतलं लहानात लहान घ्या.' बिंदू मोजके असते तर चाललं असतं. पण ते अनंत आहेत. अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश असं उतरत जाणाऱ्या अंतरांत लहानात लहान कधी सापडतच नाही. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला कळतं हे. मला माहीत होतं आणि तरी मी ते लिहिलं.

परीक्षेनंतर महिन्याभराने एका तालुक्याच्या कॉलेजातल्या बाईंचा फोन आला. त्या चिडलेल्या नव्हत्या, त्यामुळे जास्तच लागलं. म्हणाल्या, "माझ्या वर्गाने तुमची सिद्धता लिहिली, मॅडम. त्या प्रश्नाला सगळ्यांना शून्य. एक मुलगी तेवढ्यामुळे नापास झाली."

मी ते पान उघडून पाहिलं. चूक शोधावी लागली नाही. शनिवारी मुलांना ती सांगितली. वर्ग रिकामा झाल्यावर चैत्रा थांबली आणि तिने वही पुढे केली. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ होती. तारीख परीक्षेच्या तीन आठवडे आधीची.

"तुला माहीत होतं?"

"हौदु, होय मेडम. अप्पाच्या दुकानात बसून वाचत होती. दहा गिऱ्हाईक असले तर सगळ्यात लहान माप काढता येतंय. गिऱ्हाईकांची लाइन संपतच नसली तर लहान माप कुठनं आणायचं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

तिने वही मिटली. "तुमी लिवलेलं अल्वा मेडम. मला वाटलं मलाच कळंना. सुम्ने गप्प बसली."

सुम्ने म्हणजे उगीच. पण ती उगीच गप्प बसली नव्हती. माझ्या वर्गात कुणी मला कधी चुकलात म्हणालं नव्हतं, आणि मी ते चांगल्या शिकवण्याचं लक्षण समजत होते.

त्याच आठवड्यात बार्शीहून दादाचा फोन आला. माझ्या जुन्या कॉलेजात जागा निघाली होती. "अर्ज टाक. ओळखीचे लोक आहेत, होऊन जाईल. अण्णाही थकलेत आता." फोन ठेवल्यावर मला आधी काय वाटलं ते लपवत नाही: सुटले. टिपणं काढून टाकायची, सामान बांधायचं आणि जिथे मला कुणी शून्यासाठी ओळखत नाही तिथे जायचं. मी अर्ज भरलासुद्धा. सुहासने वाचला, म्हणाला, "जायचं असेल तर जाऊ. पण पळून जातेयस असं वाटतंय."

मी अण्णांना फोन केला. जागेबद्दल बोलायला केला आणि बोलले सातव्या प्रकरणाबद्दल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आठवीच्या वर्गात मी एकदा भूमितीची रचना चुकीची शिकवली होती. माळ्यांचा एक पोरगा उभा राहिला, म्हणाला, सर, हे जमत नाही. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. घरी येऊन काढून पाहिली. त्याचंच बरोबर होतं."

"मग?"

"मग काय? पुढच्या वर्षी नीट शिकवली. त्या पोराला काहीच म्हणालो नाही. तो परत कधी वर्गात बोलला नाही." मग म्हणाले, "तू अर्ज कर, नको करूस, मी मध्ये पडत नाही. आधी त्या पोरीला फळ्यापाशी बोलाव."

एवढ्या वर्षांत अण्णांनी स्वतःची चूक सांगितलेली मी पहिल्यांदा ऐकली.

सोमवारी मी शेवटच्या बाकावर बसले आणि चैत्राला खडू दिला. मग तिने फळ्यावर गिऱ्हाईकांची न संपणारी रांग काढली. कन्नड, इंग्रजी आणि मध्येच माझ्यासाठी मराठी, असं करत तिने दाखवलं की लहानात लहान का मिळत नाही, आणि गाळलेली पायरी त्या अनंत रांगेतून कामापुरते मोजके बिंदू कसे निवडून देते. एका मुलाने तिला दोनदा अडवलं. दुसऱ्यांदा त्याचंच बरोबर निघालं. तिने पुसून परत लिहिलं.

टिपणं आम्ही काढली नाहीत. सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला ठळक लिहिलं की आधीची सिद्धता चूक होती, ती मी लिहिली होती आणि ही नवी चैत्राची आहे. त्या तालुक्याच्या कॉलेजात मी स्वतः गेले. नापास झालेली मुलगी माझ्याशी फारसं बोलली नाही. तिला बोलायचं कारणही नव्हतं. तिचे गुण परत आले नाहीत, पुढच्या सत्रात तिने तो पेपर पुन्हा दिला आणि सुटली. त्यांच्या बाई आता आमच्या शनिवारी बसने येतात. वाचणाऱ्याने निदान एका ओळीवर अडून प्रश्न विचारल्याशिवाय कुठलंच पान आम्ही इंटरनेटवर चढवत नाही. अर्ज मी पाठवला नाही. दादा काही दिवस रागावला होता. अण्णांनी विषय काढला नाही.

चैत्रा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता ती आणि मी मराठी टिपणं करतो आहोत, तिची मराठी माझ्यापेक्षा गमतीची आणि कधीकधी जास्त थेट. परवा तिच्या घरी गेले होते. तिच्या आईला विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? ती भात वाढता वाढता हसली. "कोण जाणे बाई. कुणी सांगितलंच नाही. आमी हितलेच."

मला तसं म्हणता येत नाही. मूळ गाव मला माहीत आहे आणि तुम्ही सगळे तिथे आहात. पण दिवाळीत मी येते तेव्हा वहिनी मला चहासुद्धा करू देत नाही. मी काहीही बोलले तरी सगळे मान डोलावतात. पाहुण्यांशी माणसं अशीच वागतात, त्यात तुमचं काही चुकत नाही. इथे बसमध्ये शेजारची बाई माझं कन्नड सुधारते, फुलवाली मला हसून शब्द पुन्हा म्हणायला लावते, आणि शनिवारी कुणीतरी पान माझ्यापुढे धरून म्हणतं, "मेडम, हे चुकलंय." मी चष्मा लावते आणि कुठे ते विचारते.