सहा मिनिटांचा वन्स मोअर

लंडनजवळ पिनरमध्ये राहणाऱ्या डॉक्टर पुरुषोत्तम गोगट्यांना कशाकशाचा तिटकारा होता हे सांगायला बसलो तर संध्याकाळ पुरायची नाही. टी-बॅगचा चहा, मिल्टन कीन्सचे राउंडअबाउट, रीडिंग गावाहून लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून येणारे आणि मंडळाच्या सभेत ‘इनपुट’ देणारे सॉफ्टवेअरवाले, त्यांच्या बायकांनी ओव्हनमध्ये केलेल्या करंज्या. तीस वर्षं त्यांनी इंग्रजांना भूल देऊन झोपवलं. निवृत्त झाल्यावर झोपवायला फक्त मराठी मंडळ उरलं, आणि गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात एक नाट्यपद गाऊन ते काम डॉक्टर दर वर्षी चोख करत.

कार्यक्रम समितीचे प्रमुखही तेच. कोणी काय सादर करायचं आणि किती मिनिटं, हे त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर ठरे आणि सभेत फक्त वाचून दाखवलं जाई. मुलांच्या लेझीमला चार मिनिटं, बायकांच्या मंगळागौरीला आठ, स्वतःच्या नाट्यपदाला बारा. सहा गाण्याची आणि सहा वन्स मोअरची. पद आवडलं की प्रेक्षकांनी ओरडून पुन्हा मागायचं आणि नट नुकताच मेला असला तरी त्यानं उठून गायचं, ही संगीत नाटकाची जुनी रीत. पण मिळायच्या आधीच वन्स मोअर कागदावर मांडून ठेवणारा गवई एवढा एकच असेल.

आणि तो त्यांना मिळायचाही. शेवटचा सूर ते डोळे मिटून लावत. डोळे उघडायच्या आत तिसऱ्या रांगेच्या आसपासहून हाक यायची, की तिच्यामागून सगळा हॉल. पत्नी सुमन चार वर्षांपूर्वी गेल्या. त्या वर्षीसुद्धा हाक चुकली नाही. डॉक्टरांनी त्यावरून एवढंच ताडलं की पिनर-हॅरोच्या बाजूला थोडी रसिकता अजून शिल्लक आहे.

दोन हजार सहाच्या जुलैमध्ये त्यांची नात ईरा एक कागद घेऊन आली. ईरा म्हणजे मुलगा यतीन याची सोळा वर्षांची मुलगी. पाच वर्षांची असल्यापासून ती मंडळाच्या लेझीममध्ये डावीकडून तिसरी उभी राहत आली होती. या वर्षी तिला स्वतः बसवलेलं काहीतरी करायचं होतं. तेव्हा नुकताच लागलेला एक सिनेमा होता, अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळातला. त्यातल्या नाइटक्लबच्या गाण्यावर तिनं आणि चार मैत्रिणींनी नाच बसवला होता. महिनाभर गॅरेजमध्ये तालीम केली होती, जुन्या कपड्यांच्या चॅरिटी शॉपमधून पाच पुरुषी हॅट जमवल्या होत्या. तिला सहा मिनिटं हवी होती.

“दारूचा अड्डा, गुंड आणि रॅप,” डॉक्टर म्हणाले. “गणपतीसमोर.”

“आजोबा, आधी बघा तरी. मग नाही म्हणा.”

नाही म्हणायचं तर अधिकारवाणीनं म्हणता यावं, म्हणून ते तिच्याबरोबर सिनेमाला गेले. बुधवारी दुपारी हॅरोच्या मल्टिप्लेक्समध्ये मोजून अकरा माणसं होती. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ नाचोजवर चीज ओतून बोटं चाटत होता. डॉक्टरांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की एखाद्या शिकाऊ डॉक्टरनं नोकरी सोडली असती. तो चाटतच राहिला.

सिनेमा त्यांना हवा होता तसाच निघाला, म्हणजे वाईट. तळघरात नाइटक्लब, दुधाच्या कॅनमधून येणारी चोरटी दारू, तोंडात सिगार धरून कोणालाही ऐकू येणार नाही असं बोलणारा गुंडांचा म्होरक्या. नायिका पिसं लावून जिन्यावरून उतरायची आणि पुन्हा उतरता यावं म्हणून बहुधा मागच्या दारानं वर जायची. मधेच सगळे धंदा सोडून हिप-हॉपवर नाचायला लागायचे.

“एकोणीसशे एकतीस साली हे रॅप कुठून आलं?” डॉक्टरांनी कुजबुजायचं म्हणून विचारलं. अकराही जणांना ते ऐकू गेलं.

“तुमच्या प्लेमधे कृष्ण गातो,” ईरा म्हणाली, “तेव्हा हार्मोनियम कुठून येतो?”

“ते वेगळं.”

आणि डॉक्टर पडद्याकडे वळले.

शेवटाकडे क्लबवर पोलिसांची धाड पडते. कुऱ्हाडींनी दरवाजा फुटायला लागतो. इतका वेळ कोट सांभाळत उभा असलेला क्लबचा म्हातारा दरवान गिऱ्हाइकांना मागच्या वाटेनं निसटता यावं म्हणून दाराला पाठ लावून गायला लागतो. आधी नुसते शब्द, कुऱ्हाडीच्या घावांच्या मधे मधे बसवलेले. मग ते दुप्पट लयीत, मग तोच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्यांदा शेवटचा शब्द नेमका घावावर पडतो. तिथून तो एकच सूर लावतो, आणि बाहेरच्या कुऱ्हाडी थांबेपर्यंत सोडत नाही.

डॉक्टरांचा हात खुर्चीच्या दांडीवर समेला पडला होता. पायही हलत होता. आणि सूर थांबला त्याच क्षणी ते खणखणीत आवाजात म्हणाले, “वन्स मोअर!”

नाचोजवाल्यानं चाटणं थांबवून मागे वळून पाहिलं. दरवान काही पुन्हा गायला नाही. सिनेमात तशी सोय नसते. ईरानं आजोबांकडे पाहिलं. ती हसली नाही. तिला इतका आनंद झाला होता की हसणं सुचलंच नाही.

गाडीत बसल्यावर डॉक्टर म्हणाले, “भिकार.”

“पण तुम्ही म्हणाला ना...”

“मी काही म्हणालो नाही. मला खोकला आला.”

माणूस खोटं बोलतो, त्याचं काही नाही. पण अडुसष्ट वर्षांच्या माणसानं स्वतःच्या कानांना खोटं पाडावं, आणि तेही सोळा वर्षांच्या पोरीसमोर, याला काय म्हणायचं? त्या सुरानं त्यांच्या अंगावर काटा आणला होता, आणि तो काटा कोणी पाहिला याचीच त्यांना जास्त लाज वाटत होती. घरी येऊन त्यांनी यादी काढली, ईराच्या नावावर काट मारली आणि पुढे लिहिलं, ‘वेळेअभावी’. त्याच्याच खालच्या ओळीत स्वतःची बारा मिनिटं तशीच होती. ईरानं यादी वाचली, बोट त्या बारावर क्षणभर ठेवलं आणि निघून गेली. पोरगी समजूतदार आहे, असं डॉक्टरांना वाटलं.

सप्टेंबरातल्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. लेझीम झाली, मंगळागौर झाली. डॉक्टर सिल्कचा झब्बा घालून बसले. पेटीवर रवी, निम्म्या वयाचा, त्यांच्यापुढे बोलायची ज्याची प्राज्ञा नव्हती. पद बरं झालं. वाईट नाही, बरं. शेवटचा सूर त्यांनी डोळे मिटून लावला, सोडला आणि वाट पाहिली.

टाळ्या पडल्या. हॉस्पिटलमधल्या निरोप समारंभात कोणासाठीही पडतात, तशा. रवीनं पुन्हा सुरुवात करायची म्हणून सूर धरून ठेवला होता. टाळ्या थांबल्या तरी तो सूर तसाच चालू राहिला. डॉक्टरांनी डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा सूत्रसंचालन करणारी नीना शेजारी येऊन उभी होती.

“डॉक्टर, सहा मिनिटं उरलीयेत. रॅफलची सोडत आत्ताच काढून टाकू का?”

ते म्हणाले, “ईराच्या मैत्रिणी आल्यात का? त्यांचा तो नाच...”

“त्या कशाला येतील? तुम्हीच नाव काढलंत ना?”

डॉक्टर स्टेजवरून उतरून तिसऱ्या रांगेत ईराशेजारी जाऊन बसले. वर नीना टोस्टरचा नंबर पुकारत होती.

“या वर्षी लोकांना काय झालं?” त्यांनी विचारलं.

“लोकांना काही नाही झालं,” ईरा म्हणाली. “आधी आजी म्हणायची. मग आजी हॉस्पिटलमधे होती ना, तेव्हा मला सांगितलं, आता तू म्हण. एकानं सुरू केलं की बाकीचे म्हणतात.”

“तुला आजीनं सांगितलं होतं?”

“हो. म्हणाली, विसरू नको. वन्स मोअर नाही मिळालं तर ते जेवत नाहीत.”

तिच्या आवाजात राग नव्हता. “मी दरवर्षी म्हटलं. या वेळी म्हटलं नाही. मला बघायचं होतं, दुसरं कोण म्हणतं का.”

टोस्टर मिल्टन कीन्सच्या एका सॉफ्टवेअरवाल्याला लागला. लोक उठले, खुर्च्या सरकल्या. मागच्या खोलीत मसालेभात आणि जिलबीची पानं मांडली होती. नीना दोनदा बोलवायला आली, मग रवी आला. डॉक्टर जेवले नाहीत.