एकाच नावाचे दोघे

मुलुंडच्या आमच्या शाळेत चौथीला जे गुरुजी होते, त्यांना मुलाची अक्कल जोखायला परीक्षा लागत नसे. पटावर बापाचा धंदा लिहिलेला असे, तेवढा पुरे. कचेरीवाल्यांची मुलं पुढच्या बाकांवर, कारखान्यातल्यांची मागे भिंतीला. पहिल्याच दिवशी, हजेरी संपायच्या आत, हुशार कोण आणि ढ कोण याचा निकाल लागलेला असे.

त्या वर्षी घोटाळा झाला. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं तंतोतंत तेच असलेला आणखी एक मुलगा वर्गात निघाला. त्याचे वडील हेडक्लार्क, माझे कारखान्यात भट्टीवर. जूनमध्ये सगळ्यांचेच कपडे नवे, त्यामुळे तेवढ्यावरूनही कळेना. गुरुजींनी हेडक्लार्कच्या मुलाला म्हणून नाव पुकारलं, मी आधी उभा राहिलो आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलो. तो बिचारा मुखदुर्बळ, गुपचूप मागे गेला.

मग काय, माझी चंगळ! माझं गणित चुकलं की गुरुजी म्हणत, "घाई केलीस, बाळ. पुन्हा बघ." पुन्हा बघून बघून मला खरंच गणित यायला लागलं. त्याचं चुकलं की, "तुझ्याकडून आणखी काय होणार!" दिवाळीपर्यंत तोही खरंच ढ झाला. सहामाहीत मी पहिला आलो. स्कॉलरशिपच्या जादा वर्गाची यादी गुरुजींनी फळ्यावर लिहिली, त्यात माझं नाव सगळ्यात वर.

"मेल्या, इतको हुशार कसो झालंस रे?" असं म्हणत बाबा चाळभर सांगत सुटले.

आठवड्याने हेडक्लार्क कोट-टोपी चढवून शाळेत आले. आपला मुलगा नापास कसा, हे विचारायला. गुरुजींचा चेहरा क्षणभर पडला. मग म्हणाले, "तरीच! मला पहिल्यापासून शंका होतीच." आणि त्यांनी आमच्या जागा बदलल्या.

दुसऱ्या दिवशी माझी पाचही गणितं बरोबर आली.

"कोणाचं बघितलंस रे?"

"मागे कोणालाच येत नाही, गुरुजी."

उलट बोललो म्हणून दोन छड्या बसल्या.

संध्याकाळी जादा वर्ग सुरू झाला, तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. फळ्यावर माझं नाव तसंच होतं. गुरुजींना ते पुसावंसुद्धा लागलं नव्हतं. खाली तो दुसरा बसला होता.

घरी बाबांनी विचारलं, "यादीत नाव आसा मा रे?"

"आहे. सगळ्यात वर," मी म्हटलं आणि मला रडू आवरेना. बाबांना वाटलं, पोरगा आनंदाने रडतोय.