परतलेल्या गाण्याचे पाच गुण

“तो रेडिओ ऐकतंय कोण? अंदाजे नंबर सांगते आपली. घरमालकाची मुलगी आहे गं, खूश ठेवलेली बरी.”

गच्चीचं दार अर्धं उघडं होतं. मी जिन्यात पोह्यांची ताटली घेऊन उभी. बाहेर वरच्या खोलीतली ताई दोरीवरचे कपडे काढत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती.

आयटी कंपन्यांना लागून असलेल्या आमच्या माण गावात, आमच्या घरावर आता भाड्याच्या खोल्या आहेत. ताई त्यातल्या एकीत राहायला आली तेव्हा ती दिसली की मी नुसती मान हलवायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथल्या मुली माझ्यापासून जरा दूरच राहायच्या आणि गल्लीतल्या मुलींशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही. एकदा ताईनं माझ्या कानातला इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातला आणि विचारलं, “हे गाणं टॉप वीसमध्ये कितवं आहे या आठवड्यात?”

तिथून आमची यादी सुरू झाली. पहिल्या गाण्याला वीस गुण, दुसऱ्याला एकोणीस, विसाव्याला एक. दर आठवड्याचे गुण बेरजेत टाकायचे. त्यामुळे एकदाच पहिलं येऊन गायब झालेलं गाणं मागे पडायचं आणि महिनोन्‌महिने आठवं-नववं राहिलेलं वर सरकायचं. मला ते फार आवडायचं. याद्या दोन होत्या. मोबाइलवरच्या अ‍ॅपची मी बघायचे. रेडिओवरची शुक्रवारी संध्याकाळी लागायची, तेव्हा मी क्लासला असायचे. ती ताई कंपनीच्या बसमध्ये ऐकायची आणि आल्यावर मला सांगायची. वर्षाअखेरी दोन्हींची बेरीज करून वर्षाचं गाणं ठरवायचं होतं.

तिच्या यादीतली गाणी विचित्र वागायची. बाहेर पडलेलं गाणं महिन्याभरानं एकदम चौथं यायचं. दुसरं कुणी असतं तर तिथेच शंका घेतली असती. मी नवा नियम केला: परतलेल्या गाण्याला पाच गुण जास्त, कारण लोक त्याला विसरले नाहीत. ताई म्हणाली होती, “काय डोकं आहे गं तुझं!” त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नव्हती.

आता जिन्यात उभ्या उभ्या ती सगळी गाणी मला आठवायला लागली. कुठलं खरंच परतलं होतं आणि कुठलं तिनं बसमधून उतरता उतरता परत आणलं होतं, ते मला कधीच कळणार नव्हतं. वर्षाची बेरीज गेली. त्याचं एवढं नाही. शुक्रवार गेले.

“दिलं का न्हाई गं पोहं?” खालून आई ओरडली. “गार व्हतील की!”

ताईनं दचकून मागे पाहिलं. फोन ठेवला, पण माझ्या तोंडावरून तिला काही कळलं नसावं. माझं तोंड तसंही कुणाला कळत नाही.

“अगं, ये ना! लिहून घे आधी. ते बासरीवालं परत आलंय बघ, सहावं. तुझे पाच दे त्याला.”

मी ताटली पाण्याच्या टाकीवर ठेवली. चमचा खाली पडला, तो उचलला, ओढणीला पुसला. गुण लिहायला मोबाइल मात्र खिशातून काढला नाही.

“मी दारातच होते, ताई,” मी म्हणाले. “परतलेल्या गाण्याचे पाच गुण मी रद्द केलेत.”